वाशातला भुंगा: मारायचा, हाकलायचा की हलवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोकणातल्या कौलारू घराच्या वाशांना दरवर्षी काळे, जाडजूड, मोठ्याने गुणगुणणारे भुंगे गोल भोकं पाडतात आणि खाली ओटीवर भुसा पडतो. हे बंबलबी आहेत का, चावतात का, घर पोखरून टाकतील का, आणि मारायचे तर कशाने? परसात शेवग्याची चार झाडं आणि वांग्याचा वाफा आहे, हेही प्रश्नात जाता जाता आलं आहे. उत्तराच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच.

आधी ओळख. हा बंबलबी नाही. भारतात बंबलबी आहेत, पण ते हिमालयात आणि ईशान्येकडच्या थंड डोंगरांत. कोकण, देश, विदर्भ कुठेही रानात ते सापडत नाहीत. तुमच्या वाशात आहे तो झायलोकोपा, म्हणजे आपला साधा भुंगा. ग्रीक शब्दाचा अर्थच लाकूडतोड्या. कोरडं लाकूड सहज कोरणारा आणि कमळाच्या पाकळीपुढे हरणारा भ्रमर आपल्याला संतवाङ्मयातून माहीत असतो. त्यातलं लाकूड 'कोरडं' आहे हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

फरक ओळखायला पाठीमागचा भाग बघा. बंबलबीचं पोट दाट केसाळ असतं, भुंग्याचं वरून उघडं, गुळगुळीत आणि चकचकीत. बंबलबीच्या मागच्या पायावर पराग ठेवायची चपटी टोपली असते, तर भुंग्याच्या मादीच्या पायावर नुसते दाट केस. बंबलबी राणीच्या राज्यात, बहुधा जमिनीतल्या बिळात वसाहत करून राहतो. भुंग्याची मादी मात्र एकेकटी संसार करते. एकाच वाशात पाच भोकं दिसली तर ते पोळं नसतं, शेजारी शेजारी थाटलेली पाच घरं असतात.

आपल्याकडे भुंग्याच्या बऱ्याच जाती आहेत. पूर्ण काळा, पंखांवर निळी-जांभळी झाक असलेला आणि तीन सेंटिमीटरच्या पुढे जाणारा बहुतेक झायलोकोपा लॅटिपेस. छातीवर पिवळीधमक लव आणि बाकी काळी अशी दिसणारी झायलोकोपा प्युबेसेन्ससारख्या जातीची मादी. हिचा नर सगळाच सोनेरी-पिवळट असतो, त्यामुळे लोक त्याला वेगळाच कीटक समजतात. झायलोकोपा ॲमेथिस्टिना जेमतेम दीड सेंटिमीटरची, ती वाशाच्या वाटेला जात नाही, बारीक वाळक्या काड्यांत राहते. आणखी एक घोटाळा नावाचा आहे. नारळावरचा गेंड्या भुंगा आणि सोंड्या भुंगा हे भुंगेरे आहेत, पिकाचे शत्रू. नावात भुंगा आहे म्हणून माडावरच्या उपायातला विषारी डोस वाशातल्या भुंग्यावर वापरणारे लोक कमी नाहीत. या दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

चावण्याबद्दल. घरासमोर एकाच जागी हवेत तरंगणारा, तुम्ही गेलात की तोंडासमोर येऊन गुरगुरणारा असतो तो नर. त्याला नांगीच नसते. तो आपली जागा राखतो, दुसऱ्या नराला हाकलतो, मादीची वाट बघतो, आणि माणसावर येतो तेही नुसतं धमकावायला. नांगी मादीला असते, पण ती मुठीत धरली, कपड्यात अडकली किंवा भोकात बोट घातलं तरच डसते. डंख झणझणीत असतो. नांगीला मधमाशीसारखे काटे नसल्याने ती अडकून राहत नाही आणि मादी पुन्हा डसू शकते. मधमाशीच्या डंखाने ज्याला श्वास लागण्याइतका त्रास झाला आहे, त्याने वाशाची दुरुस्ती स्वतः करू नये.

आता वाशाच्या आत काय चालतं ते पाहू, कारण उपाय चुकतात ते इथलं चित्र डोळ्यासमोर नसल्याने.

मादी लाकूड खात नाही. जबड्याने कुरतडते आणि भुसा बाहेर टाकते. शांत दुपारी वाशाखाली उभं राहिलं तर खर्‍र्‍ खर्‍र्‍ असा आवाज स्पष्ट ऐकू येतो. भोक कंपासने काढल्यासारखं गोल असतं, मोठ्या जातीचं साधारण १२ ते १५ मिलिमीटर, म्हणजे करंगळी जाईल इतकं. ते लाकडात दोन-तीन सेंटिमीटर सरळ जातं आणि मग काटकोनात वळून तंतूंच्या दिशेने पुढे सरकतं. हे वळण लक्षात ठेवा. तार सरळ घातली की तीन सेंटिमीटरवर अडते. भोक उथळ आहे असं वाटतं आणि लोक वरवर पुट्टी भरून मोकळे होतात. खरं घर आडवं आत गेलेलं असतं, १० ते ३० सेंटिमीटर, कधी दोन्ही बाजूंना.

या बोगद्याच्या टोकाशी मादी पराग आणि मध मळून एक गोळा ठेवते. बाजरीच्या पिठाच्या ओल्या उंड्यासारखा तो दिसतो. त्यावर एक अंडं. हे अंडं किंचित वाकडं, पांढरट आणि कीटकांच्या मानाने अवाढव्य असतं. काही जातींत ते दीड सेंटिमीटरपर्यंत जातं, कीटकांतल्या सगळ्यात मोठ्या अंड्यांत त्याची गणना होते. मग लाकडाचा भुसा लाळेत कालवून ती एक चकती बनवते आणि खोली बंद करते. पडलेला जुना वासा उभा चिरला तर या चकत्या दिसतात. एका बाजूने भुसा गोलगोल फिरवत लावल्याच्या रेषा त्यांवर असतात, कुंभाराच्या चाकावरून उतरल्यासारख्या. त्यापुढे दुसरा उंडा, दुसरं अंडं, दुसरी चकती. एका घरात अशा सहा-आठ खोल्या, क्वचित थोड्या जास्त.

सहा-आठ हा आकडा म्हणजे या सगळ्या उत्तराचा कणा आहे. मधमाशीच्या पेटीतल्या शे-दोनशे कामकरी मेल्या तर राणी आठवड्याभरात भरपाई करते. भुंग्याची एक मादी मेली की तिचं अख्खं वर्ष गेलं. अंड्यापासून पूर्ण कीटक व्हायला सर्वसाधारणपणे महिना-दीड महिना लागतो, हवामानाप्रमाणे कमीजास्त. त्यानंतरही पिल्लं लगेच उडत नाहीत. खोलीच्या भिंती फोडून ती बोगद्यात एकत्र येतात, आणि आई त्यांना काही दिवस बाहेरून मध-पराग आणून भरवते. इतक्या थोड्या लेकरांवर इतका जीव टाकणारे कीटक फार नाहीत. घरासमोर उडणारी एक मादी चपलेने मारली म्हणजे आत उपाशी राहणारी चार-सहा पिल्लंही गेली, आणि पुढच्या हंगामात परसातल्या शेवग्यावर तेवढे भुंगे कमी.

भुंग्याच्या अंगावर बारीक गोचिडासारखं काही दिसलं म्हणून घाबरून जाऊ नका. आपल्याकडच्या अनेक मोठ्या जातींच्या मादीला पोटाच्या पहिल्या खंडात एक छोटी पिशवी असते आणि तीत डिनोगॅमॅसस जातीचे कोळीकिडे राहतात. मादीबरोबर ते घरोघरी प्रवास करतात. माणसाच्या, गुरांच्या किंवा पिकाच्या वाटेला जात नाहीत.

घराला धोका किती, याचा हिशोब सोपा आहे. वासा १० बाय साडेसात सेंटिमीटरचा असेल तर छेद ७५ चौरस सेंटिमीटर. दीड सेंटिमीटरचा बोगदा त्यातले पावणेदोन चौरस सेंटिमीटर खातो, म्हणजे अडीच टक्केही नाही. असा वासा एका भोकाने वाकत नाही. पण पाच बाय अडीच सेंटिमीटरची रीप असेल तर तोच बोगदा १४ टक्के लाकूड नेतो आणि अडीच सेंटिमीटरच्या जाडीत वर-खाली अर्धा-अर्धा सेंटिमीटर उरतं. त्यावर कौलांचं वजन आणि कौलं शाकारणाऱ्याचा पाय पडला की ती मोडते. म्हणून वाशाला पाहणी पुरे, रिपेला दुरुस्ती हवी. खरं नुकसान होतं ते वर्षानुवर्षांच्या पुनर्वापराने. मुली आईचंच घर साफ करून वाढवतात, फाटे काढतात, आणि दहा वर्षांनी एकाच जागी जाळं होतं. त्यात वळचणीचं पाणी शिरलं तर बुरशी उरलेलं काम करते. भुंग्याने घर पाडलं असं म्हणतात तिथे नीट बघितलं तर बहुतेक वेळा गळकं कौल आणि वाळवी हे मूळ कारण निघतं.

भोक भुंग्याचंच आहे याची खात्री करा. करंगळीएवढं गोल भोक, खाली जाडसर ताजा भुसा आणि भोकाखाली लाकडावर किंवा भिंतीवर पिवळट-तपकिरी ओघळ (ती भुंग्यांची विष्ठा) असेल तर भुंगा. टाचणीच्या टोकाएवढी असंख्य भोकं आणि मैद्यासारखी पूड असेल तर ती लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची, घुणाची. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. शेवटच्या दोहोंना ताबडतोब उपाय करा, तिथे भुंग्यासारखी सवलत नाही.

दुरुस्तीची पद्धत आता. पहिली गोष्ट, राहत्या घराचं भोक बुजवू नका. ही दयेची गोष्ट नाही, कामाची आहे. आत अडकलेली मादी शेजारून नवीन भोक पाडून बाहेर येते. ती नसेल आणि पिल्लं असतील तर ती आत मरून कुजतात, मुंग्या येतात. भोक रिकामं आहे का ते असं तपासा: संध्याकाळी भोकात कापसाचा बोळा सैल बसवा, ठासून नाही. तीन दिवस रोज बघा. बोळा बाहेर ढकललेला किंवा कुरतडलेला दिसला तर घर राहतं आहे. तीन दिवस जागचा हलला नाही तरी घाई करू नका. आत कोष असतील तर ते बोळा ढकलत नाहीत. आणखी सहा-सात आठवडे बोळा तसाच राहू द्या आणि आठवड्यातून एकदा नजर टाका. एवढ्यात काही हाललं नाही तर घर रिकामं.

रिकामं घर बुजवताना वळणापर्यंत पोचायचं. ॲल्युमिनिअमच्या बारीक जाळीचा बोळा करून तो वाकवलेल्या तारेने वळणाच्या आत सारा. लोखंडी काथ्या वापरू नका, कोकणातल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत त्याचा गंज होतो आणि लाकडावर डाग उठतात. मग तोंडाशी भोकाच्या मापाची कोरड्या लाकडाची खुंटी डिंक लावून ठोका, पृष्ठभागाबरोबर कापा, घासा. नुसता लाकडी भुसा आणि डिंक भरून चालत नाही, तो सुकल्यावर आकसतो आणि दुसऱ्या वर्षी मादी तोच कोरून काढते, तिचं अर्धं काम तुम्ही केलेलं असतं. खुंटी बसली की त्या संपूर्ण वाशाला तेलरंगाचे दोन हात द्या. रंग नको असेल तर जवसाचं तेल चालतं, पण त्याचा परिणाम रंगाइतका टिकत नाही, दर वर्षी-दोन वर्षांनी पुन्हा लावावं लागतं. रंग उपयोगी पडतो तो भुंग्याला विषारी आहे म्हणून नव्हे. उघड्या, उन्हाने करड्या पडलेल्या लाकडाची चव-पोत तिला हवी असते आणि रंगाने ती झाकली जाते. वाशाची टोकं आणि खालची बाजू लोक हमखास विसरतात, आणि भुंगा शोधतो नेमकी तीच.

भोकात पावडर फुंकणं, रॉकेल ओतणं, धुरी देणं हे सगळं टाळा. पावडरीने मादी मरते, घर तसंच राहतं आणि मोकळ्या तयार घरावर पुढच्या महिन्यात दुसरी मादी ताबा घेते. तयार घरासाठी त्यांच्यात भांडणं होतात, इतकी त्याला मागणी आहे. रॉकेल कौलाखालच्या सुक्या लाकडात ओतणं याबद्दल जास्त बोलायला नको. लिंबाच्या सालीचं तेल वगैरे वासाचे उपाय वास असेपर्यंतच चालतात.

एवढं करून भुंगे जातील कुठे, हा प्रश्न उरतो, आणि इथे तुमचा शेवगा येतो.

शेवग्याच्या फुलाला कीटक लागतो, आणि लहान माश्यांपेक्षा भुंग्यासारखा जड कीटक ते काम जास्त नीट करतो. फुलाचे पुंकेसर आणि स्त्रीकेसर त्याच्या अंगाला घासले जातात, आणि तो एका झाडावरून लांबच्या दुसऱ्या झाडावर जातो. चार झाडं शेजारी असताना याचा थेट फायदा शेंगांना होतो.

वांग्याचं प्रकरण आणखी मजेशीर आहे. वांग्याचं फूल हातात घेऊन बघा. मध्ये पिवळ्या शंकूसारखे परागकोश उभे असतात, पण ते फुटलेले नसतात. प्रत्येकाच्या टोकाला फक्त बारीक छिद्रं. मिठाच्या डबीसारखा हा कारभार, हलवल्याशिवाय काही पडत नाही. सातेरी, फुलोरी, आग्या या मधमाश्यांना तो हलवता येत नाही. भुंगा फुलाला खालून लोंबकळतो, शंकू जबड्यात धरतो, पंख मिटून फक्त छातीचे उडण्याचे स्नायू थरथरवतो. उडतानाच्या घुंघुंपेक्षा चढा, तुटक बर्‍र्‍ असा आवाज येतो आणि त्याच क्षणी पिवळी धूळ त्याच्या पोटावर उडते. कान दिलात तर दहा फुटांवरून कळतं की वाफ्यात भुंगा काम करतोय. टोमॅटोची फुलं याच पद्धतीची. मोकळ्या शेतात वाऱ्याने टोमॅटोची फळधारणा होते हे खरं, पण पराग नीट झडला तर फळात बी जास्त भरतं आणि फळ मोठं, भरीव होतं. निळ्या पट्ट्यांची अमेजिला माशीही हे काम करते, तीही आपल्याकडे आहे. परदेशांत हरितगृहांतल्या टोमॅटोसाठी १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून बंबलबीच्या पेट्या विकल्या जातात. दक्षिण अमेरिकेत हे युरोपी बंबलबी निसटले आणि तिथल्या मूळच्या नारिंगी बंबलबीवर संकट आलं. पेटी आणायचा विचार करणाऱ्याने आधी स्वतःच्या बांधावरचे भुंगे मोजावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरवड, टाकळा, बहावा यांची पिवळी फुलंही थरथर मागतात. त्यांत एक छान वाटणी असते: मधले आखूड पुंकेसर भुंग्याला खाऊ म्हणून आणि लांब वाकडे पुंकेसर त्याच्या अंगावर, जिथे त्याला सहज पुसता येत नाही अशा जागी, पराग लावायला. ताग आणि तुरीच्या फुलात होडीसारखी पाकळी असते, ती दाबायला वजन लागतं. भुंगा आणि पान कापणारी माशी ते करतात. तागाचं बी धरायचं असेल तर मोठ्या माश्यांशिवाय शेंगा नीट भरत नाहीत. हिरवळीच्या खतासाठी फुलोऱ्यात गाडणाऱ्याला याची फिकीर नाही, बीजोत्पादन करणाऱ्याला आहे.

आणि रुई. बांधावरची रुई फालतू म्हणून तोडण्याआधी तिच्या फुलापाशी पाच मिनिटं थांबा. रुईचा पराग धुळीसारखा सुटा नसतो, दोन पिवळ्या पिशव्या आणि त्यांना जोडणारा काळा चिमटा असा तो बांधलेला असतो. भुंगा मध प्यायला बसला की त्याचा पाय फुलाच्या फटीत घसरतो, चिमटा अडकतो आणि भुंगा जोर लावून पाय ओढतो तेव्हा पिशव्या पायाला लटकून बाहेर येतात. लहान माश्या तिथे अडकून मरतात, कधी पाय तुटतात. भुंग्यात तेवढी ताकद असते. रुईला वर्षाचे बहुतेक महिने फुलं असतात, म्हणून वैशाखात बाकी सगळं वाळलेलं असताना भुंग्याचं पोट ती भरते. ती गेली की वाफ्यात वांगी फुलतील तेव्हा भुंगा आलेला नसेल.

भुंगा सगळीकडे सज्जनच असतो असं नाही. टिकोमासारख्या लांब नळीच्या फुलांना तो बाहेरून बुडाशी चीर पाडून मध पळवतो आणि परागाला शिवतही नाही. फुलांच्या देठाजवळ तपकिरी चिरा दिसल्या तर तो रोग नाही, ही चोरी आहे. नुकसान मामुली.

वाशातून भुंग्याला हलवायचं तर आधी पर्यायी जागा तयार हवी, मगच भोकं बुजवा. क्रम उलटा केला तर ती नवीन रीप शोधते.

सगळ्यात सोपं म्हणजे बांबू. पूर्ण वाळलेला, आतला व्यास १२ ते १८ मिलिमीटर असलेला घ्या. २५ ते ३० सेंटिमीटरचे तुकडे असे कापा की एक टोक गाठीने बंद आणि एक उघडं राहील. मधे दुसरी गाठ येऊ देऊ नका. कापल्यावर उघड्या तोंडाचे कुसळ पॉलिश पेपरने घासा, नाहीतर पंख फाटतात आणि मादी तोंडाशी येऊन परत जाते. आठ-दहा तुकडे घट्ट बांधून आडवे लावा, तोंड किंचित खाली, जमिनीपासून दीड-दोन मीटर, पूर्व किंवा आग्नेयेला तोंड, वर छप्पर. कोकणात पाऊस नैऋत्येकडून मारतो, त्या बाजूला तोंड केलेली मोळी पहिल्याच आषाढात बुरशीने जाते. मोळी झुलती टांगू नका. हलणारं घर भुंग्याला चालत नाही, खांबाला पक्की बांधा. बांधायच्या तारेवर चार बोटं ग्रीसचा पट्टा द्या, नाहीतर मुंग्या उंडे खातात.

मोठ्या काळ्या जातीला भरीव लाकूड जास्त आवडतं. आंबा, सावर किंवा पांगाऱ्याचा सहा महिने वाळवलेला, १० ते १५ सेंटिमीटर जाड, पाऊण मीटर लांब ओंडका चालतो. ओलं लाकूड ती शिवत नाही, इथे ते कोरडं काष्ठ आठवा. ओंडक्याच्या खालच्या बाजूला १४-१५ मिलिमीटरच्या गिरमिटाने तीन-चार सेंटिमीटर खोल भोकं पाडून ठेवा, दोन भोकांत १५ सेंटिमीटर तरी अंतर. पूर्ण बोगदा तुम्ही पाडू नका, सुरुवात दिली की पुढचं ती करते. वार्निश, रंग, वाळवीचं औषध काहीही लावू नका.

पहिल्या वर्षी मोळी रिकामी राहिली तर निराश होऊ नका. कुंभारीण माशी काही तोंडं मातीने लिंपेल, कोळी जाळी विणतील, ते राहू द्या. दोन वर्षं काहीच आलं नाही तर बहुतेक चूक मापाची असते, व्यास फार मोठा किंवा दोन्ही टोकं उघडी. बांबूला उभी चीर गेली असेल तर तो तुकडा काढून टाका. त्या फटीतून परजीवी माश्या अंडी घालतात. हिंग्यांच्या कुळातले काही भुंगेरेही भुंग्याच्या घरात वाढतात, त्यांना थोपवण्याचा सोपा उपाय नाही. वेडा राघू उडते भुंगे टिपतो, तेही चालायचंच.

राहती रीप काढणं भागच असेल तर ती रात्री काढा, तोंडाला कापूस लावून. चार हातांवर नेऊन ठेवली तर सकाळी मादी जुन्याच जागी घिरट्या घालते, कारण तिने आजूबाजूच्या खुणा पाठ केलेल्या असतात. जुन्या जागेच्या शक्य तितक्या जवळ, त्याच उंचीवर, तोंड त्याच दिशेला ठेवून बांधली तर जमतं.

वांग्याचा वाफा आहे म्हणजे शेंडा आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी फवारणी होणार. अंधार पडल्यावर फवारा, फुलं उघडी असताना सकाळी नको. इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम यांसारखी आंतरप्रवाही औषधं संध्याकाळी मारली तरी पराग-मधात उतरतात, तिथे वेळ पाळून भागत नाही. फुलोऱ्यात ती टाळा, किडके शेंडे हाताने खुडा, कामगंध सापळे लावा. रात्रीची फवारणी निर्धोक, असंही सह्याद्रीलगत समजू नका. भीमाशंकरच्या जंगलात हेमा सोमनाथन आणि रेनी बोर्जेस या संशोधकांनी २००१ साली दाखवलं की वारस या झाडाचं परागीभवन झायलोकोपा टेन्युइस्केपा रात्री करतो. तिथलाच झायलोकोपा ट्रँकेबारिका तर अमावास्येच्या रात्रीही उडतो आणि ताऱ्यांच्या उजेडात खुणांचे रंग ओळखतो, असं पुढच्या कामात दिसलं. जंगलाला लागून शेत असेल तर रात्री फुललेल्या झाडांकडे फवाऱ्याचा वारा जाणार नाही, एवढं बघा.

मोळीतले बांबू तीन वर्षांनी बदला, बुरशी आणि कोळीकिडे साठतात. नवी मोळी शेजारी बांधायची, जुनी तिथेच राहू द्यायची, आणि वाशाला केली तीच कापसाच्या बोळ्याची चाचणी जुन्या प्रत्येक नळीला करायची. जी नळी सात आठवडे शांत राहील तीच चुलीत घाला.